डॉ. पांडुरंग खानखोजे : परतीची वाट

आमच्या तुळिंजच्या चाळींतून राहणारी पुष्कळ कुटुंबे बाहेरगावची आहेत. कोणी कोकणातले, कोणी देशावरचे, कोणी थेट उत्तर प्रदेशातले. नोकरी संपली की गावी कायमचे जायचे, असे घरोघरी ऐकू येते. प्रत्यक्ष जाणारे मात्र विरळा. मुलांची शिक्षणे इथे झालेली असतात आणि गावातले घर भावकीत वाटले गेलेले असते. त्यांना दोष तरी कसा द्यावा? अशा वेळी वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची आठवण होते. त्यांना परत येण्यासाठी जवळजवळ अर्धशतक लागले.

त्यांचा जन्म १८८४ चा. लोकमान्यांच्या प्रभावाखाली वाढलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला. हेतू दुहेरी होता : शेतीशास्त्र शिकायचे आणि शस्त्रविद्याही. पॅसिफिक किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांतून व शेतांवर राबणाऱ्या पंजाबी मजुरांत ते मिसळले आणि १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीचे एक अग्रणी झाले.

महायुद्ध पेटताच गदरची माणसे परत निघाली. त्यांतले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे १९१४ साली हिंदुस्थानात उतरले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर गेले. खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले. इराणात सैन्य उभारून बलुचिस्तानातून मायदेशी शिरायचे, असा तो बेत होता. तो फसला. वेश पालटीत, इंग्रजांच्या हातून निसटत ते युरोपात पोहोचले. पुढे बर्लिन झाले, मॉस्को झाले. स्वदेशाचे दार मात्र बंदच राहिले.

१९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत आले. तिथे क्रांती होऊन गेलेली, जमिनी कुळांना मिळू लागलेल्या. पण जमीन मिळाली म्हणजे पीक येतेच असे नाही. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापक झाले. मक्याच्या व गव्हाच्या सुधारित जातींवर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीतील भित्तिचित्रात भाकरी वाटणारा माणूस म्हणून खानखोज्यांना रंगविले. बंदूक शोधायला निघालेला माणूस अखेर भाकरीपाशी पोहोचला होता! १९३६ साली त्यांनी जीन सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. दोन मुली झाल्या. त्यांतल्या एकीचे नाव त्यांनी सावित्री ठेवले.

एवढे सगळे मिळाल्यावर परत कशाला यायचे? त्यांचे जुने सोबती तर परतू शकलेच नाहीत. लाला हरदयाळ १९३९ साली फिलाडेल्फियात वारले. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांना मॉस्कोत स्टालिनच्या राजवटीने १९३७ साली गोळी घातली.

देश स्वतंत्र झाला तरी खानखोज्यांची वाट सुकर झाली नाही. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि नव्या सरकारच्या दप्तरी ती यादी तशीच चालत आली होती. ज्या राज्याशी ते लढले ते गेले, पण त्याचे कागद उरले. ही अडचण दूर झाल्यावर १९४९ साली ते मध्यप्रांत सरकारला शेतीविषयक सल्ला देण्यासाठी आले, काही महिने राहिले आणि मेक्सिकोला परतले. वय पासष्टीचे, संसार तिकडचा; इथेच थांबले असते, तर कोणी बोल लावला नसता. तरीही १९५५ साली ते नागपूरला कायमचे राहावयास आले. पत्नीला आणि मुलींना हा देश परका होता. ते घरी आले ते त्यांना घर सोडायला लावून, ही गोष्ट त्यांच्या गौरवपर लेखांतून सहसा येत नाही. मला ती महत्त्वाची वाटते.

नागपुरात त्यांच्या वाट्याला फार मोठे काम आले नाही. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले. ते वाण नव्या पिढीच्या शास्त्रज्ञांचे होते, खानखोज्यांचे नव्हेत; पण ज्या मातीत त्यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्याच मातीतले ते दाणे होते. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे ते भित्तिचित्र मात्र मेक्सिको शहरातच आहे.