आरामापेक्षा आधार हवा होता

अमेरिकी लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांचा जन्म १८६० चा. त्या लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई माया दाखवत नसे, पैशांची कायम चणचण आणि सतत बदलती बिऱ्हाडे. १८८४ मध्ये चित्रकार वॉल्टर स्टेटसन यांच्याशी विवाह झाला आणि थोड्याच काळात त्यांचे मन उदास राहू लागले. मार्च १८८५ मध्ये कॅथरीन जन्मली आणि ही उदासी गडद झाली. बाळ गोड होते, नवरा काळजी घेत होता. तरी शार्लट रडत बसत. बाळाला कुशीत घेतल्यावरही आनंद होत नसे.

आज या खुणा प्रसूतीनंतरच्या नैराश्याच्या म्हणून ओळखता येतात. प्रसूतीनंतर काही दिवसांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी झपाट्याने घसरते. त्यात जागरण आणि अशक्तपणा. हे बदल सर्वच बाळंतिणींमध्ये होतात. पण आधी नैराश्य येऊन गेले असेल, कुटुंबात मानसिक आजार असेल, गरोदरपणातच मन खचले असेल, संसारात ताण असेल किंवा आधार कमी असेल, तर धोका वाढतो. शार्लट यांच्याकडे लग्नानंतरची उदासी आणि बालपणीचे एकटेपण अशी शिदोरी आधीच होती.

हवापालटासाठी त्या कॅलिफोर्नियाला गेल्या आणि तेथे सावरल्या. घरी परतताच आजार उलटला. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाचे नामांकित डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी त्यांना अंथरुणावर सक्तीची विश्रांती दिली. घरी पाठवताना सल्ला दिला, की संसारात रमावे, बाळाला सतत जवळ ठेवावे आणि लेखणी-कुंचल्याला हातही लावू नये. काही महिने हे पाळल्यावर त्या वेडाच्या उंबरठ्यावर पोहोचल्या. अखेर त्यांनी तो सल्ला झुगारला, १८८८ मध्ये पतीपासून वेगळ्या होऊन कॅलिफोर्निया गाठले आणि पुन्हा लिहू लागल्या.

याच अनुभवातून १८९२ मध्ये ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध झाली. पुढे स्त्रियांच्या आर्थिक स्वावलंबनावरील त्यांचे पुस्तक गाजले. नैराश्याचे झटके मात्र आयुष्यभर येत राहिले.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक असते. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना दाखवावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आल्यास त्याच दिवशी. समुपदेशन आणि औषधांनी हा आजार आटोक्यात येतो. शार्लट यांच्या वेळी हे उपचार नव्हते, आज आहेत.