कुलूप सगळ्यांना दाखवा, किल्ली लपवा : एआय एजंटच्या सहीचा नियम १८८३ मध्येच सांगणारे भाषेचे मास्तर

एआय एजंट आता नुसती उत्तरं देत नाहीत. ते मेल पाठवतात, कोड लिहितात, ऑर्डर देतात. पण हे काम त्याच एजंटने केलंय आणि मध्ये कुणी काही बदललं नाही, हे ओळखायचं कसं? त्यासाठी एजंटला डिजिटल सही करणारं टूल दिलं जातं. ते कसं वापरायचं, याची माहितीही लिहून द्यावी लागते.

गोची इथेच आहे. एजंट जे वाचतो, ते चोरालाही वाचता येतं. मग सही सुरक्षित राहणार कशी?

याचं उत्तर कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी एका शिक्षकाने देऊन ठेवलंय. त्यांचं नाव ऑगुस्त केर्कहॉफ्स.

सैन्यात नव्हते, भाषा शिकवायचे

केर्कहॉफ्स यांचा जन्म १९ जानेवारी १८३५ चा, नेदरलँड्समधल्या नुथ गावचा. शिक्षण बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठात झालं. पुढे नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये शिकवत ते पॅरिसला पोहोचले आणि तिथे जर्मन भाषेचे प्राध्यापक झाले.

१८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सने प्रशियाकडून सपाटून मार खाल्ला होता. लष्कराचे निरोप तेव्हा तारेने जायचे आणि तार मध्येच शत्रूच्या हाती पडू शकायची. म्हणून निरोप सांकेतिक भाषेत पाठवत. पण अनेकदा सगळी भिस्त पद्धत गुप्त ठेवण्यावर असायची. एक अधिकारी फितूर झाला किंवा संकेतांचं पुस्तक पकडलं गेलं, की खेळ खल्लास.

१८८३ चा तो लेख

त्या वर्षी जानेवारी आणि फेब्रुवारीत फ्रान्सच्या एका लष्करी नियतकालिकात केर्कहॉफ्स यांचा लेख दोन भागांत छापून आला. त्यात चांगल्या सांकेतिक पद्धतीसाठी सहा अटी होत्या. त्यातली दुसरी अट आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये, असं ती सांगते. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली.

बाजारात मिळणारं कुलूप घ्या. ते आतून कसं चालतं हे कुणीही खोलून बघू शकतं. तरी तुमचं घर सुरक्षित असतं, कारण किल्ली तुमच्या खिशात असते.

तिसरी अट म्हणते, किल्ली कुठेही लिहून न ठेवता लक्षात राहावी आणि हवी तेव्हा बदलता यावी. सहावी अट म्हणते, पद्धत वापरायला सोपी हवी, नियमांची लांबलचक यादी पाठ करायला लागू नये.

पुढे केर्कहॉफ्स वोलाप्यूक या जगासाठी बनवलेल्या कृत्रिम भाषेच्या नादी लागले. १८८७ मध्ये तिच्या अकादमीचे प्रमुख झाले. त्यांना भाषा सोपी करायची होती, पण तिचे जनक श्लायर यांना अंतिम शब्द आपलाच हवा होता. वाद पेटला, चळवळ फुटली आणि १८९१ मध्ये केर्कहॉफ्स बाहेर पडले. १९०३ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज त्याचं काय?

१९४९ मध्ये क्लॉड शॅनन यांनी हाच नियम नव्याने मांडला. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी किल्ल्यांच्या जोडीची कल्पना प्रसिद्ध केली. खासगी किल्लीने सही करायची आणि सार्वजनिक किल्लीने ती कुणीही तपासायची. महाराष्ट्रातल्या डिजिटल सातबाऱ्यावरची सही याच तत्त्वावर चालते.

उलट वागणाऱ्यांची फजिती झाली. जगभर चालणाऱ्या एका स्मार्ट कार्डची पद्धत कंपनीने गुप्त ठेवली होती. २००८ मध्ये केर्कहॉफ्स यांच्याच देशातल्या संशोधकांनी ती फोडून दाखवली.

आता एआय एजंटकडे येऊ. एजंट समोर आलेला मजकूर वाचतो आणि त्यातली सूचना मालकाचीच समजून पाळू शकतो. एखाद्या वेबपेजवर लपवलेली ओळ त्याला किल्ली सांगून टाक म्हणाली, तर? म्हणून टूलची माहिती उघडी ठेवायची, पण खासगी किल्ली त्या माहितीत, चॅटमध्ये किंवा एजंटच्या मेमरीत ठेवायची नाही. ती वेगळ्या जागी राहील. एजंट फक्त सही मागेल, टूल ती करून देईल. किल्ली फुटलीच, तर जुनी रद्द करून नवी कशी घ्यायची, हेही माहितीत लिहिलेलं हवं.

एक गोष्ट मात्र सही सांगत नाही. मजकूर कुठल्या किल्लीने सही झालाय हे तिच्यातून कळतं, तो मजकूर खरा आहे की नाही हे कळत नाही. एजंटला कुणी फसवून सही करायला लावलं, तरी ती तपासणीत खरीच निघेल. त्यामुळे कशावर सही करायची परवानगी आहे, हे माणसानेच आधी ठरवून द्यावं लागतं.

आणि आमचं टूल कसं चालतं ते आम्ही सांगत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे, असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. केर्कहॉफ्स यांच्या दुसऱ्या अटीवर ते टूल तिथेच नापास होतं.