६१७४ चा चकवा

मालवणला कंदिलाच्या उजेडात नारायण धारपांच्या भयकथा वाचणाऱ्या मला खरा चकवा भेटला तो गणितात, दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांमुळे. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते.

वाचकहो, कोणतेही चार अंक घ्या. फक्त सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता वजा करा. ४३२१ मधून १२३४ गेले, उरले ३०८७. पुन्हा तसेच केले की ८३५२, मग ६१७४. पुढे सुटका नाही! तीन अंक उरले तर आधी शून्य धरा. फार तर सात पायऱ्यांत इथेच याल.

पदव्युत्तर पदवी नसलेल्या मास्तरांच्या या छंदाला इथले गणिती हसत. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिले, तेव्हा जगाला कापरेकर कळले. १९८६ साली ते गेले.

चकव्यात सापडलेल्याला वाट मिळत नाही, असे आमच्याकडे म्हणतात. मास्तरांना ती तिथेच मिळाली.