गिरणी कामगारांचे कैवारी कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या ज्ञातीत जन्मास येऊन ज्यांनी आपली सारी शक्ती ज्ञातीबाहेरील हजारो कष्टकऱ्यांसाठी वेचली, अशा पुरुषांत कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. हिंदी कामगार चळवळीचे जनक हे बिरूद त्यांच्या नावास आता कायमचे चिकटले आहे, आणि रविवारची सुटी त्यांच्या खटपटीने मिळाली एवढे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्या एका सुटीच्या तेजात त्यांच्या इतर मागण्या झाकोळून गेल्या, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास नेहमी खटकत आली आहे. त्या मागण्या एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे ध्यानात येते, की कामगाराच्या अंगास विसावा मिळावा ही जशी त्यांची तळमळ होती, तशीच त्याच्या घरची चूल महिनाभर अखंड पेटती राहावी ही काळजीही त्यांस लागलेली होती.

लोखंडे यांचे घराणे फुलमाळी. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घरची गरिबी असल्यामुळे शिक्षण बेताचेच झाले आणि लहान वयातच नोकरी धरावी लागली. प्रथम रेल्वेत, नंतर टपाल खात्यात आणि पुढे मुंबईच्या एका कापड गिरणीत भांडारपाल, म्हणजे स्टोअरकीपर, असा त्यांच्या चाकरीचा क्रम होता. ही शेवटची जागा मोठी विलक्षण. भांडारपाल हा ना धड मालकांपैकी, ना धड मजुरांपैकी. सुताच्या गाठोड्यांचा आणि तेलाच्या पिंपांचा हिशेब ठेवता ठेवता गिरणीचा नफा कोठून येतो हेही त्यास दिसते, आणि तो नफा ज्यांच्या हाडांतून निघतो ती माणसेही रोज समोरून ये-जा करतात. नारायणरावांनी ती माणसे नुसती पाहिली नाहीत. त्यांचे जमाखर्चही मनात मांडले.

ही माणसे आली कोठून? मुंबईत कापसाची पहिली गिरणी १८५६ साली चालू झाली. पुढील वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची धुराडी भराभर उभी राहिली, आणि त्याच काळात १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. रत्नागिरीच्या तुटपुंज्या खाचरांवरून, साताऱ्या-पुण्याच्या कोरड्या रानांतून माणसे मुंबईस लोटली. गावी राहिलेला जमिनीचा तुकडा मात्र त्यांनी सोडला नाही. आजारपण आले, काम सुटले, म्हातारपण आले की परत जावयाचे ते त्याच तुकड्यावर. तुकडा पिकला नाही तर मुंबईचा पगार गावी पाठवावयाचा आणि पगार बुडाला तर गावच्या दाण्यावर दिवस काढावयाचे, अशी ही दुहेरी दोरी होती. तिचे एक टोक गिरणीमालकांच्या हाती होते आणि दुसरे पावसाच्या.

मालकांच्या हातचे टोक किती सैल होते ते पाहा. पगार महिन्याचा, पण महिना भरताच तो हाती पडत नसे. पुढल्या महिन्यात, पुष्कळदा तोही निम्मा उलटून गेल्यावर, मागील महिन्याचे पैसे मिळावयाचे. नव्याने लागलेल्या माणसास तर पहिला पैसा दिसावयास दीड-दोन महिने लागत. तोपर्यंत खावयाचे काय? चाळीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याच्या दुकानातून तांदूळ, जोंधळा, डाळ, तेल, मीठ सारे उधार आणावयाचे. वाणी वहीत मांडून ठेवी, भाव त्याचा, माप त्याचे आणि व्याजही त्याचेच. पगाराच्या दिवशी मजुराच्या हातातील रुपये प्रथम वाण्याकडे जात, आणि दुसऱ्याच दिवशी नवी उधारी सुरू होई. एक खाडा झाला, तापाने आठ दिवस अंथरूण धरले, कापडात दोष निघून दंड बसला, की वहीवरचा आकडा फुगलाच. मालकाकडे मजुराची मजुरी बिनव्याजी अडकून पडलेली आणि वाण्याकडे तोच मजूर व्याज भरतो आहे, असा हा उफराटा व्यवहार होता. गिरणी सोडून जावे म्हटले तर अडकलेला पगार बुडण्याचे भय. त्यामुळे मजूर जागच्या जागी खिळून राही.

कामाचे तास सूर्याच्या हाती होते. पहाटे उजाडल्यापासून संध्याकाळी अंधार पडेपर्यंत साचे चालत. उन्हाळ्यात हा काळ तेरा-चौदा तासांवर जाई. रविवारी सुटी असली तरी यंत्रे साफ करण्यासाठी अर्धा दिवस मोडे. बायका आणि लहान मुले यांसही याहून फारशी निराळी वागणूक नव्हती.

नारायणरावांच्या विचारांस वळण लागले ते महात्मा जोतीराव फुले यांच्या सहवासात. १८७३ साली पुण्यास स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे ते मुंबईतील एक प्रमुख कार्यकर्ते बनले. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी काढलेले 'दीनबंधु' पत्र पुढे बंद पडण्याच्या बेतास आले, तेव्हा १८८० मध्ये नारायणरावांनी ते मुंबईस आणून चालविले. गुरुशिष्यांचे नाते म्हणजे सदैव गोडीगुलाबीच असे मात्र समजू नये. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त छापून झाल्यावर पुढील मजकूर छापण्याचे नारायणरावांनी थांबविले, आणि जोतीरावांनी त्यांच्या भित्रेपणाबद्दल आपली नाराजी लेखी नोंदवून ठेवली. जोतीरावांचा राग अनाठायी होता असे म्हणवत नाही. परंतु चालते पत्र बंद पडले तर कामगारांची दाद घेणारे दुसरे पत्र त्या वेळी जवळपास नव्हते, हेही विसरून चालणार नाही. नारायणराव हे जपून पाऊल टाकणारे गृहस्थ होते. आणि पुढील दहा वर्षांचे त्यांचे यश या जपून चालण्यातूनच आले.

कामगार कायद्याचा प्रश्न त्या काळी मोठा गुंतागुंतीचा होऊन बसला होता. मुंबईच्या गिरण्यांची भरभराट पाहून लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या पोटात दुखू लागले होते. हिंदुस्थानात मजुरांचे तास कमी व्हावेत असा आग्रह विलायतेत धरणाऱ्यांत त्यांचा मोठा भरणा होता. तो काही केवळ दयेपोटी नव्हता, हे उघड आहे. साहजिकच देशी वर्तमानपत्रे बहुतांशी कायद्याच्या विरुद्ध होती. देशी धंद्यास बालपणीच नख लावण्याचा हा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे. आणि ते सर्वस्वी खोटेही नव्हते. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी मजुरांच्या बाजूने प्रयत्न केले; त्यानंतर १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला खरा, पण तो फक्त मुलांपुरता. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच त्याने ठरविले. मोठ्या माणसांचे आणि बायकांचे नावही त्यात नव्हते.

अशा वेळी स्वदेशी धंद्याचा अभिमानी असूनही मजुराचा पक्ष घेणे म्हणजे परक्यांच्या हातात कोलीत देणे, असा आरोप सहज झाला असता. नारायणरावांनी त्यावर काढलेली तोड साधी होती. मागणी विलायतेतून येऊ नये. ती साच्यावर उभ्या असलेल्या माणसाने स्वतः, आपल्या सहीनिशी करावी. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. त्या वेळी बसलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी जो अर्ज तयार झाला, त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. लिहिता येणारे त्यांत किती थोडे असतील याची कल्पना केलेली बरी.

अर्जातील मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. या तीन विसाव्याच्या. उरलेल्या दोन पोटाच्या. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळालाच पाहिजे. आणि कामावर असता इजा झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार चालू राहावा, कायमचे पंगुत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी. पगार वेळेवर मिळणे ही गोष्ट वाचावयास किती क्षुल्लक वाटते! पण वाण्याच्या वहीचा फास सैल करावयाचा तर त्याहून नेमका उपाय दुसरा कोणता होता?

सरकारने आणि मालकांनी या अर्जाची फारशी दखल घेतली नाही. नारायणराव मात्र खचले नाहीत. त्यांनी अर्ज, सभा, 'दीनबंधु'तील लेख हा क्रम नेटाने चालू ठेवला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे दहा हजार स्त्री-पुरुष जमले होते. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. प्रतिष्ठित घरची स्त्री सभेस हजर राहिली तरी ज्या काळी चर्चा होई, त्या काळी गिरणीत राबणाऱ्या दोन बायका दहा हजारांपुढे बोलल्या, हे केवढे धाडस! अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. रविवार हा आपल्या खंडोबाचा वार. त्यामुळे ही सुटी साहेबाची असली तरी मजुरास ती परकी वाटली नाही.

त्याच वर्षी नेमलेल्या नव्या फॅक्टरी कमिशनवर मुंबईतर्फे स्थानिक सभासद म्हणून नारायणरावांस घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांस मज्जाव झाला, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस सात तास आणि बायकांस अकरा तास ही मर्यादा आली. आठवड्याची सुटी आणि दुपारचा अर्धा तास यांस कायद्याचा आधार मिळाला. पुरुषांच्या तासांवर मर्यादा येण्यास १९११ साल उजाडावे लागले.

'मिलहँड्स असोसिएशन' या त्यांच्या संस्थेची स्थापना कोणी १८८४ ची मानतात, कोणी १८९० ची. खरे सांगावयाचे तर आजच्या अर्थाने ती संघटना नव्हतीच. तिला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, घटना नव्हती. नारायणराव सांगतील ते कामगारांनी ऐकावे आणि कामगार सांगतील ते नारायणरावांनी लिहावे, एवढाच तिचा कारभार. ती त्यांच्या पश्चात टिकली नाही, याचे कारणही हेच होय. माणसावरील विश्वास त्यांनी उभा केला. वर्गणीचे पुस्तक उभे करावयाचे राहून गेले.

विधवांचे केशवपन करावयाचे नाही असा निश्चय मुंबईच्या नाभिक बंधूंनी केला, त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला, तेव्हा सलोख्यासाठी त्यांनी केलेली धडपड सर्वांच्या नजरेत भरली. सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली आणि जस्टिस ऑफ दि पीस नेमले.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर दोन्ही संकटे एकदम आली. दख्खनमध्ये पुन्हा दुष्काळ पडला आणि मुंबईत मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. गावी दाणा नाही आणि शहरात मरण, अशा कात्रीत सापडलेल्या मजुरांनी तरीही गावचीच वाट धरली. मुंबई ओस पडू लागली. नारायणराव शहर सोडून गेले नाहीत. रोग्यांच्या शुश्रूषेची खटपट करीत असतानाच त्यांस प्लेगने गाठले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आसपास त्यांचे देहावसान झाले.

माणसांवाचून साचे थांबले, तेव्हा त्याच प्लेगच्या दिवसांत मुंबईच्या नाक्यानाक्यांवर गिरण्यांची माणसे उभी राहून मजुरांस चढत्या भावाने बोलावू लागली, आणि दिवसाची मजुरी त्याच दिवशी संध्याकाळी हातावर ठेवू लागली. रोग ओसरताच ती पद्धत नाहीशी झाली. मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्यात आणि मधल्या दिवसांस वाण्याची वही, हे पुन्हा पूर्ववत सुरू झाले. कामावरील इजेची भरपाई देणारा कायदा १९२३ साली झाला. आणि पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत, मोठ्या कारखान्यांत १० तारखेच्या आत, दिलाच पाहिजे असे सांगणारा कायदा १९३६ साली झाला; परळच्या त्या अर्जानंतर बावन्न वर्षांनी.