एकटा दर्यावर्दी

गोदावरी नांदेडवरून वाहत जाते. लातूर जिल्ह्यातली मांजरा पुढे तिलाच मिळते. हे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. पण आपल्यापैकी अनेकांनी समुद्र पाहिलेला नसतो. अशा अथांग समुद्रावर, एका लहानशा नावेतून, एकट्याने साऱ्या पृथ्वीला फेरी मारणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. त्याचे नाव जोशुआ स्लोकम.

जोशुआचा जन्म 20 फेब्रुवारी 1844 रोजी कॅनडातील नोव्हा स्कॉशिया या प्रांतात झाला. घरात अकरा भावंडे होती. वडील बूट बनवत. परिस्थिती गरिबीची, म्हणून जोशुआची शाळा लवकर सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली काम करू लागला. पण त्याचे मन चामड्यात रमत नसे. ते सदा समुद्राकडे धाव घेई. एकदा त्याने चोरून जहाजाची एक छोटी प्रतिकृती तयार केली. वडिलांनी ती पाहिली आणि रागाच्या भरात फोडून टाकली. जहाज फुटले, पण मुलाचा इरादा फुटला नाही. आईच्या मृत्यूनंतर, सोळाव्या वर्षी, त्याने घर कायमचे सोडले.

जहाजावर पडेल ते काम करत तो शिकत गेला आणि पुढे कप्तान झाला. 1871 मध्ये सिडनी शहरात व्हर्जिनिया नावाच्या तरुणीशी त्याचे लग्न झाले. जहाज हेच त्यांचे घर बनले. मात्र 1884 मध्ये व्हर्जिनिया वारली. काही काळाने स्लोकमने दुसरे लग्न केले. 1887 च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचे जहाज वाळूत रुतून फुटले. स्लोकमने हात टेकले नाहीत. त्याने स्वतः 35 फूट लांबीची नाव बांधली आणि बायको व दोन मुलांसह हजारो मैल प्रवास करून तो अमेरिकेत पोहोचला.

आता जमाना बदलला होता. वाफेवर चालणारी जहाजे आली होती. शिडाच्या जहाजांच्या कप्तानाला कोणी काम देईना. 1892 मध्ये एका जुन्या मित्राने त्याला एक नाव देऊ केली. स्लोकम पाहायला गेला, तर ती नाव पाण्यात नव्हतीच! ती एका कुरणात, ताडपत्रीखाली, कित्येक वर्षे कुजत पडली होती. तिचे नाव होते 'स्प्रे'. स्लोकमने जवळचेच ओकचे झाड तोडले आणि एकेक फळी बदलत तेरा महिन्यांत ती नाव नव्याने उभी केली. तिची लांबी होती जेमतेम 37 फूट. खर्च आला सुमारे 553 डॉलर.

24 एप्रिल 1895 रोजी स्लोकम बोस्टन बंदरातून निघाला. त्याच्याजवळ वेळ पाहण्यासाठी एक डॉलरचे पत्र्याचे घड्याळ होते. त्याची तबकडीही फुटलेली होती. आश्चर्य म्हणजे या दर्यावर्दीला पोहता येत नव्हते! सुकाणू दोरीने बांधले, की 'स्प्रे' आपोआप आपल्या वाटेने चालत राही. त्यामुळे त्याला झोपता येई, स्वयंपाक करता येई, वाचता येई. बोलायला कोणीच नव्हते. बोलण्याची सवय सुटू नये, म्हणून तो मोठ्याने हुकूम सोडत असे.

संकटे कमी नव्हती. मोरोक्कोजवळ समुद्री चाच्यांनी त्याचा पाठलाग केला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ तुफानाने त्याला चार दिवस भलतीकडे ढकलले. अंधाऱ्या रात्री खडकांवर फुटणाऱ्या लाटांमधून वाट काढून तो वाचला. त्या भागात नावा लुटल्या जात. म्हणून झोपण्यापूर्वी तो नावेवर बारीक खिळे पसरून ठेवी. एका रात्री काही जण गुपचूप वर चढले. खिळे पायांत रुतताच त्यांनी आरडाओरडा करत पळ काढला!

पुढे पॅसिफिक महासागर, ऑस्ट्रेलिया, हिंदी महासागर आणि आफ्रिकेचे टोक असा प्रवास करत तो 27 जून 1898 रोजी अमेरिकेतील न्यूपोर्टला परतला. तीन वर्षे दोन महिन्यांत त्याने 46,000 मैलांहून अधिक अंतर कापले होते. एकट्याने शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस ठरला. या सफरीवरचे त्याचे पुस्तक 1900 मध्ये निघाले. ते आजही वाचले जाते.

समुद्राची ओढ मात्र संपली नाही. 1909 मध्ये तो 'स्प्रे' घेऊन पुन्हा एकटाच निघाला. तो परत आला नाही. नावेची एक फळीही कोणाला सापडली नाही.

पण त्याने दाखवलेली वाट राहिली. 2009 मध्ये कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली 'म्हादेई' ही नौका घेऊन मुंबईहून निघाले आणि 2010 मध्ये, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून परतले.

लोकांनी टाकून दिलेली नाव आणि कामावाचून बसलेला कप्तान, दोघांनी मिळून जग पालथे घातले. हिंमत आणि मेहनत असेल, तर कुजक्या फळ्यांचेही जहाज होते.

शब्दार्थ
अथांग – खूप खोल. प्रतिकृती – नमुना. सुकाणू – नावेला दिशा देणारे साधन. हात टेकणे – हार मानणे. पालथे घालणे – सगळीकडे फिरणे

स्वाध्याय
1. स्लोकमला काम मिळेनासे का झाले?
2. नावेवर खिळे पसरल्याचा काय उपयोग झाला?
3. 'जहाज फुटले, पण मुलाचा इरादा फुटला नाही' याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.