विद्यार्थी भीमराव ते मिलिंद महाविद्यालय

आपल्या घरातले पहिले मूल कॉलेजात निघते तेव्हा आपण त्याला दोनच गोष्टी बजावतो. फीमाफीचा अर्ज वेळेवर भर आणि कोणाच्या अध्यात-मध्यात पडू नको. एवढी शिदोरी पुरत नाही. विद्यार्थ्याचा हक्क कोणता आणि त्याच्याकडे येणे कोणाचे, हे समजायचे तर परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र त्यांच्या विद्यार्थिदशेपासून वाचले पाहिजे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडवायला भीमराव फळ्याकडे निघाला, तेव्हा इतर मुलांनी फळ्यामागचे आपले डबे घाईघाईने उचलून घेतले. संस्कृत शिकायचे होते, ते नाकारले गेले म्हणून त्याने फारसी घेतली. शाळेत नाव होते, पण शाळा आपली नव्हती, असे हे शिक्षण.

१९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. ती भीक नव्हती, तो करार होता. परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करायची, अशी त्यात अट होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रथमच कोणी जात विचारली नाही. तेथे लाला लजपतराय यांनी त्यांना राजकीय चळवळीत ओढू पाहिले, पण महाराजांना दिलेल्या शब्दासाठी त्यांनी नकार दिला, असे चरित्रकार लिहितात. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते १९१७ साली परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यास हजर झाले. त्यांनी आपला शब्द पाळला, बडोद्याने मात्र त्यांना राहायला खोलीसुद्धा मिळू दिली नाही. जबाबदारी पाळणाऱ्याला हक्क आपोआप मिळतो, या भ्रमात राहू नका.

१९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्यार्थी आदराने ऐकू लागले, दुसऱ्या कॉलेजांतूनही येऊन बसू लागले. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी प्यावे, याला काही सहकाऱ्यांची हरकत होती! विद्वत्तेने वर्ग जिंकला, माठ जिंकता आला नाही.

म्हणून पुढे त्यांनी स्वतःच कॉलेजे काढली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून तेथे वर्ग सकाळी भरत. दार सर्व जातींना खुले होते. मला विशेष वाटते ते तेथल्या विद्यार्थी संसदेचे. मुलांनीच सरकार पक्ष व्हायचे, मुलांनीच विरोधी पक्ष. १९५० साली देशाचे कायदेमंत्री असताना बाबासाहेब या मुलांच्या संसदेत हिंदू कोड बिलावर बोलले.

त्याच वर्षी औरंगाबादला कॉलेज निघाले. मराठवाड्यातल्या पोरांना तोवर उच्च शिक्षणासाठी दूर हैदराबादची वाट धरावी लागे. या कॉलेजाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. हे नाव का, हे मुलांना जरूर सांगा. मिलिंद हा ग्रीक राजा, मोठा वादपटू. भिक्खू नागसेनांनी त्याला आधी विचारले, की तू पंडितासारखा वाद करणार की राजासारखा? पंडितांच्या वादात चूक दाखवली तर ती मान्य करतात, कोणी रागावत नाही. राजांच्या वादात न पटणाऱ्याला शिक्षा होते. मिलिंदाने पंडिताची रीत पत्करली, मनसोक्त प्रश्न विचारले आणि उत्तर पटले तेव्हा ते निमूट स्वीकारले. वर्गात प्रश्न विचारायला आपली मुले कचरतात. घरी मात्र बापाने उत्तर दिले की वाद संपला, अशी आपल्याकडची रीत.

१९५६ साली आपण बुद्धाला शरण गेलो आणि अनुसूचित जातींच्या सवलती आपल्या हातून सुटल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याच्या सवलती परत मिळाल्या. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत अर्जावर धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिताना पुढची नोकरी जाऊ शकते, हे मुलांना ठाऊक होते. तरी कितीतरी जणांनी तेच लिहिले.