विश्लेषण : ‘ताज’ उभारणाऱ्या जमशेटजी टाटांना चांद्याचे लोखंड का मिळाले नाही?

मुंबईतील अपोलो बंदरासमोरचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. पोलाद कारखाना, विज्ञान संस्था, जलविद्युत आणि भव्य हॉटेल ही जमशेटजी टाटांची चार मोठी स्वप्ने होती. त्यातले हॉटेल तेवढे त्यांना डोळ्यांनी पाहता आले. पोलादाच्या स्वप्नाची सुरुवात मात्र आपल्या चांदा जिल्ह्यातून झाली होती.

जमशेटजी विदर्भात का आले?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारीत, पारशी कुटुंबात झाला. वडील नसरवानजी मुंबईत व्यापार करत. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण संपल्यावर जमशेटजी वडिलांच्या धंद्यात शिरले. १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढे चिंचपोकळीतील एक बुडालेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि ती नफ्यात विकली.

त्या काळी गिरणी म्हटले की मुंबईच, असा समज होता. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. कापूस वऱ्हाडातला, कोळसा वरोऱ्याचा आणि माल न्यायला रेल्वे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी आणि अपघात भरपाई या सोयी कायद्याने सक्ती होण्याच्या कितीतरी आधी या गिरणीत आल्या.

चांद्याच्या लोखंडाचे काय झाले?

१८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंड उद्योगाविषयीचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. लोहारा येथे उत्तम लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसा तिथून फार दूर नाही, हे कळताच त्यांनी तपास सुरू केला. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासून घेतले. पोलादाच्या भट्टीसाठी तो कोळसा योग्य नसल्याचे निष्पन्न झाले. खाणपट्ट्यांच्या सरकारी अटीही जाचक होत्या. त्यामुळे बेत बाजूला ठेवावा लागला, पण त्यांनी तो सोडला नाही. (आजचा जिवती, राजुरा, कोरपना हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, इंग्रजांच्या चांदा जिल्ह्यात गडचिरोलीचा समावेश होता.)

मग हॉटेल कशासाठी?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे शहर सोडू लागली, व्यापार मंदावला. अशा वेळी जमशेटजींनी शहराच्या मध्यवर्ती भागात, समुद्राकाठी मोठे हॉटेल बांधायला घेतले. मुंबईत परदेशी प्रवासी यावेत, शहराची पत पुन्हा वाढावी हा त्यामागचा विचार होता. वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारल्याच्या रागातून त्यांनी ‘ताज’ बांधले, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते; तिला भक्कम पुरावा नाही.

आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने काम पूर्ण केले. विजेचे दिवे, लिफ्ट, तुर्की हमाम अशा त्या काळी नवलाईच्या सोयी इथे होत्या. अनेक वस्तू जमशेटजींनी परदेशी जाऊन स्वतः पसंत केल्या होत्या. आज ज्याच्या शेजारी ‘ताज’ ओळखले जाते ते गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हते. ते १९२४ मध्ये पूर्ण झाले.

शेवटच्या महिन्यांत काय घडले?

१८९९ नंतर खाणींचे नियम सैल झाले आणि जमशेटजींनी पोलादाचा विषय पुन्हा हाती घेतला. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तिथल्या तज्ज्ञांना त्यांनी या कामात जोडून घेतले. १९०४ मध्ये सी. एम. वेल्ड हे भूगर्भतज्ज्ञ जमशेटजींचे थोरले पुत्र दोराबजी यांच्यासह चांद्याच्या जंगलात फिरले. खनिज होते, पण मोठा कारखाना चालवता येईल इतका साठा आणि योग्य कोळसा यांचा मेळ बसेना. शेवटी चांद्याचा नाद सोडावा लागला. त्यानंतर दोराबजींनी नागपूरच्या संग्रहालयात एक भूगर्भीय नकाशा पाहिला आणि शोध दुर्गकडे वळला. अखेर मयूरभंजच्या खनिजावर साकचीत कारखाना उभा राहिला. तिथे १९१२ मध्ये पोलाद तयार झाले. १९१९ मध्ये त्या गावाला जमशेदपूर हे नाव मिळाले.

जमशेटजींनी यातले काहीच पाहिले नाही. ‘ताज’ सुरू होऊन जेमतेम पाच महिने झाले होते, तेव्हा १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नॉहाइम येथे त्यांचे निधन झाले. बंगळूरुची विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली, तर खोपोलीची वीज १९१५ मध्ये आली.

आज याचे महत्त्व काय?

पहिल्या महायुद्धात ‘ताज’मध्ये रुग्णालय होते. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात इमारतीचे मोठे नुकसान झाले, पण २०१० मध्ये ती पुन्हा पूर्णपणे सुरू झाली. इकडे जुन्या चांदा जिल्ह्यात गडचिरोलीच्या सूरजागडमुळे लोहखनिज पुन्हा चर्चेत आहे. जमशेटजींच्या वेळी प्रश्न होता तो कोळशाचा आणि साठ्याचा. आता जंगल, ग्रामसभांचे हक्क आणि स्थानिकांच्या रोजगाराचे प्रश्नही समोर आहेत. खनिज जिल्ह्यातले असले तरी त्यावरचा कारखाना आणि रोजगार जिल्ह्यातच राहतो असे नाही, हे १९०४ मध्येच दिसले होते. नागपुरात गिरणी काढताना कामगारांची सोय पाहणारा उद्योजकही याच मुलुखाने पाहिला आहे. आजच्या प्रकल्पांकडून काय मागायचे, हे ठरवताना दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील.